बारवेतली बाई

“हे काय लागलंय कॉलरला?” मी विचारलं.

“खडू असेल.” हे सदऱ्याची बटणं काढत होते. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“रविवारी खडू?”

“दहावीचे जादा तास असतात. सांगितलं होतं ना तुला.”

सांगितलं होतं, खरं आहे. मी मुकाट्यानं सदरा घेतला, मोरीत नेला, कडी लावली आणि कॉलर जिभेला लावून बघितली. खडू असा लागत नाही. बायकांची पावडर म्हणावी तर वास नव्हता. तांदळाचं पीठ होतं ते.

आमच्या घरात भाकरी ज्वारीची. तांदळाचं पीठ आणायचं ते गणपतीत, मोदकांपुरतं. आमच्या सगळ्या आळीत रोज तांदळाची भाकरी खाणारी बाई एकच होती. दवाखान्यात नव्यानं आलेली नर्स, पेडणेकरबाई. कोकणातली, एकटी राहणारी, अंबाड्यात अबोली माळणारी. मोरीत बसल्या बसल्या माझी सगळी जुळणी झाली आणि मी तो सदरा असा काही आपटला की त्याची दोन बटणं उडाली.

आता तुम्ही म्हणाल, बाई संशयी दिसते. आहेच मी. माझी आई संशयी होती, म्हणून आमच्या घरी दूधवाल्याची दुधात पाणी घालायची कधी छाती झाली नाही. संशय घेणारं माणूस घरात एक तरी लागतं. आमच्या घरात ते काम माझ्याकडं होतं, कारण ह्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. कुणीही यावं आणि गुरसाळे सरांना गंडवावं.

हे हायस्कुलात इतिहास शिकवायचे. पण शाळेतला इतिहास म्हणजे नुसती नोकरी. ह्यांचा खरा जीव होता तालुक्याच्या इतिहासात. कुठल्या गावाच्या वेशीत कसला दगड आहे, कुठल्या मारुतीमागं कोण सरदार गाडलाय, कुठली गढी कुणी लुटली, हे सगळं ह्यांना तोंडपाठ. लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांनी मला फिरायला नेलं ते एका ओढ्याकाठी, वीरगळ दाखवायला. लढाईत मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात, तो वीरगळ. नवी नवरी मी, शालू नेसून चिखलात उभी, आणि हे मला सांगताहेत की बघ शालन, खालच्या चौकटीत हा मेला, मधल्या चौकटीत ह्याला अप्सरा घेऊन चालल्यात. मी म्हटलं, बरं झालं बाई, ह्याची तरी सोय लागली.

तर दर रविवारी सकाळी हे लुना काढून एखाद्या गावाला जायचे आणि रात्री जेवताना त्या गावाचं पुराण लावायचे. वीसएक वर्षं मी ते ऐकलं. कंटाळले, जांभया दिल्या, पण ऐकलं. आणि त्या दिवाळीनंतर ते एकदम थांबलं.

रविवारी जाणं थांबलं नाही. सांगणं थांबलं.

लुना अंगणात धूळ खात पडली. “पेट्रोल परवडत नाही,” म्हणाले. मला विचाराल तर लुना आख्ख्या तालुक्याच्या ओळखीची होती, ती कुणाच्या दारात उभी दिसू नये म्हणून ही काटकसर. पेपर वाचणं सोडलं. “काही नसतं त्यात,” म्हणाले, आणि खुर्चीत नुसते बसून राहायला लागले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे हे माझ्या डोळ्याला डोळा देईनात. मी समोर उभी राहून बोलावं आणि ह्यांनी माझ्या कानामागं कुठंतरी बघत हं हं करावं. नवऱ्याची नजर बायकोच्या तोंडावरून सरकायला लागली की कुठंतरी पाणी मुरतंय, हे मला कुणी सांगायला नको होतं.

वर माघातल्या एका लग्नात ह्यांनी पेडणेकरबाईंकडं बघून असं तोंडभर हसून नमस्कार केला म्हणता! त्या बिचाऱ्या गडबडल्या. मी तिथंच शेजारी बुंदी वाढत होते. माझ्या हातातला झारा खाली पडला.

मी तडक शाळेत जाऊन आले, रविवार बघूनच. फाटकाला कुलूप. शिपाई आतल्या बाजूला ऊन खात बसला होता. म्हणाला, “जादा तास? बाई, ते शनिवारी असतात. रविवारी कोण मरायला येतंय?”

पुढच्या रविवारी हे आंघोळीला गेले तशी मी ह्यांची शबनम पिशवी उपसली. आत खुरपं. मऊ केसांचा ब्रश. माझ्या जुन्या जांभळ्या पातळाचा फाडलेला तुकडा, नीट घडी घातलेला. आणि तांदळाच्या पिठाची पुडी, चांगली पावशेराची. पुडीवर पलीकडच्या आळीतल्या दुकानाची दोरी. म्हणजे शेजारच्या दुकानात घ्यायचीसुद्धा चोरी! पीठ पोचवतात, खुरपं घेऊन बाईच्या परड्यात फुलझाडं लावून देतात, आणि माझं पातळ, माझं पातळ तिला कशाला? पिशवी होती तशी भरून ठेवली. मग मी डब्यात ह्यांच्या आवडीचं थालीपीठ दिलं आणि ह्यांची पाठ वळल्याबरोबर चपला घातल्या.

एसटी स्टँडवर मी पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढून बसले होते. हे हिवरखोपच्या गाडीत चढले. हिवरखोप! तिथं तर दवाखानाही नाही. मी मागच्या दारानं चढले आणि शेवटच्या बाकावर बसले. गाडी सुटायच्या आधी हे जागा बघत बघत मागं आले, माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले, सरळ माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा पुढं जाऊन बसले. मी पदर आणखी खाली ओढला. पण ओळखलं नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. म्हटलं, शालन, तू पोलिसांत जायला हवी होतीस.

हिवरखोप म्हणजे पन्नासएक घरं, भोवती माळ आणि बाभळी. गाव फाट्यापासून आत. गाडीतून आम्ही दोघंच उतरलो, मी जरा रेंगाळून. पाणवठ्याच्या वाटेला एक बाई उभी होती. तरणी, ठसठशीत, डोक्यावर हंडा. हे तिच्यापाशी थांबले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण हसून बोलले. तिनं ह्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि वळली, ती झपाझपा गावाकडं. निम्म्या वाटेत तिनं मागं वळून बघितलं.

अस्सं! म्हणजे नर्सबाई नव्हेच. ही होय.

हे माळातून आडवे चालत गेले. तिथं जमिनीत एक जुनी बारव होती, पायऱ्या पायऱ्यांची, वरून नुसतं दगडी खळगं दिसावं अशी. हे पायऱ्या उतरून आत गेले आणि दिसेनासे झाले. मी वरच्या बाभळीआड बसले. जागा तर बघा, म्हटलं. चारचौघांच्या नजरेला पडायला नको, उन्हाचा त्रास नको. ती हंडा घरी ठेवून येणार, घरच्यांना काहीतरी थाप मारून. येऊ दे. आज दोघांना एकदमच भेटते.

खालून ह्यांचा आवाज येत होता. एकटेच पुटपुटत होते, एकेक शब्द तोडून. “स्वस्ति... श्री... शके...” आणि थांबायचे. परत तेच.

बराच वेळ गेला. माझ्या पायाला मुंग्या आल्या. आणि ती आली.

पण एकटी नाही. तिच्यामागून अख्खं गाव आलं. पुढं काठ्या घेतलेली पोरं, मधे फेटेवाला एक म्हातारा, मागं बायका, आणि ती हंडेवाली सगळ्यांना हात करून दाखवत होती, “त्यो बगा, आत हाय! दर ऐतवारी येतुया. पांढरी भुकटी टाकतुया नि मंतर म्हनतुया!”

ही भेटायला येणारी बाई नव्हती. ही धरून द्यायला आलेली बाई होती.

पोरं धडाधडा पायऱ्या उतरली. मी बाभळीआडून धावत काठावर आले. खाली भिंतीत एक कोनाडा होता, कोनाड्याखाली अक्षरं कोरलेला काळा दगड, त्या दगडावर सगळीकडं पांढरं पीठ, आणि हे दगडापुढं गुडघ्यावर. हातांना पीठ, तोंडाला पीठ. ह्यांनी मान वर केली आणि तेवढ्यात एकानं ह्यांच्या गळपट्टीला धरलं.

“बोल, धनासाठी कुनाला गाडायला आलाईस हितं?”

“अहो, मी शिक्षक...”

“शिक्षक? मागल्या आवसंला भैरोबामागं खड्डा खनला, कोंबडं कापलं, हळद-लिंबू टाकलं, ते तूच!”

“नाही हो, मी रविवारी येतो, अमावस्येला...”

त्या पोरानं एक ठेवून दिली. ह्यांचा चष्मा उडाला आणि पायरीवर फुटला. कान फाटून रक्त आलं. मग दुसऱ्या कुणीतरी काठी उचलली.

काय सांगू, सगळा राग, ती नर्स, ते पातळ, ते खोटे जादा तास, सगळं माझ्या डोक्यातून साफ पुसलं गेलं. मी पायऱ्या कशा उतरले ते मला आठवत नाही.

“हात लावाल तर याद राखा!” मी ओरडले. “माझा नवरा आहे तो!”

काठीवाला मागं झाला. फेटेवाला म्हातारा पुढं आला. तो गावचा पोलीस पाटील होता, धोंडिबा शिंगाडे. त्यानं मला बघितलं, ह्यांना बघितलं.

“तू कोन, बाई? कुठनं उगवलीस?”

“ह्यांची बायको. घसा फोडून सांगितलं ना आत्ता?”

पाटलानं ह्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडं वळवलं. “काय रं? ही तुजी बायकू का?”

मी ह्यांच्या अगदी समोर उभी होते. हातभर अंतर. हे माझ्याकडं बघत होते, डोळे उघडे टक्क. आणि ह्यांच्या तोंडावर ओळख म्हणून नव्हती. कपाळाला आठी घालून एखाद्या परक्या बाईकडं बघावं तसे बघत राहिले. बारवेत सगळ्यांचे आवाज घुमत होते. मी ओरडलेलं ह्यांच्या कानात शिरलं होतं की नाही, देव जाणे.

“कोण... कोण आलंय?” हे म्हणाले.

“वळखत न्हाई!” पोरं ओरडली. “खोटं बोलतीया! हिचीबी टोळीच हाय! वर बसून राखण करत हुती, म्या बगितली बाभळीआड!”

त्या क्षणाला मला मारणाऱ्यांचा राग आला नाही, इतका ह्यांचा आला. मार खाताय, मरायची वेळ आलीय, आणि बायकोला ओळख दाखवत नाही? इतकं काय झालं माझं? मी तिथंच रडले असते. पण ती संपत नावाच्या पोराची काठी पुन्हा वर गेली, तेव्हा रडायला सवड कुठली.

“पिशवी!” मी म्हटलं. “ह्यांची पिशवी कुणाकडं आहे? पाटील, तुम्ही घ्या हातात. मला दाखवू नका. आत काय आहे ते मी सांगते. लाकडी मुठीचं खुरपं, मूठ एका बाजूनं तडकलेली, तार गुंडाळलेली. पांढऱ्या केसांचा ब्रश. जांभळ्या पातळाचा तुकडा, काठ पिवळे, ते पातळ माझं आहे. तांदळाचं पीठ. आणि डब्यात थालीपीठ, कांदा घातलेलं, आज सकाळी मीच थापलं. आता काढा एकेक.”

पाटलानं एकेक वस्तू पायरीवर मांडली. बायका वाकून बघायला लागल्या. ती हंडेवाली, पारू तिचं नाव, म्हणाली, “पातळ हाय वं जांभळं.”

“तुला एवढं ठावं कसं?” पाटलानं मला विचारलं.

“चोरून बघते म्हणून!” मी म्हटलं. “दर रविवारी घरात खोटं सांगून जातो हा माणूस. मला वाटलं बाईचं लफडं आहे. पाळत ठेवून आले मागोमाग. ही तुमची हंडेवाली रस्त्यात ह्यांच्याशी बोलली, मला वाटलं हीच ती. तुम्ही काय संशय घ्याल, त्याच्या चौपट मी घेतलाय! साथीदारीण असते तर असं भरल्या गावात बोलले असते का?”

पारूनं तोंडाला पदर लावला. “अगं बया! मी?”

मागं कुणीतरी बाई हसली. पाटलाच्या मिशा जरा हलल्या. संशय घेणाऱ्या बायकोवर माणसं विश्वास ठेवतात, हे मला त्या दिवशी कळलं. पण पाटील लेचापेचा नव्हता. त्यानं पिशवीच्या तळाशी हात घातला आणि अजून एक वस्तू काढली. तळहाताएवढं जाड भिंग. त्यामागून डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली.

“हे न्हाई सांगितलंस.”

हे मी बघितलंच नव्हतं. हे आतल्या कप्प्यात असणार.

“अहो, हे काय आहे?” मी विचारलं, आणि पाटलाच्या हातातली बाटली घ्यायला त्याला वळसा घालून ह्यांच्या डाव्या अंगाला गेले.

मार बसल्यापासून हे कान दाबून सुन्न झाले होते, मान सरळच ठेवली होती. पण मी बाजूला आले मात्र, ह्यांचं तोंड एकदम बदललं.

“शालन?” हे म्हणाले. “तू? तू कशाला आलीस इथं?”

मी पुन्हा समोर गेले. ह्यांची नजर पुन्हा हरवली. परत बाजूला आले. हे मान सरळ ठेवूनच मला हातानं खुणावत होते, जा इथून, तुला लागेल. मला सगळं एकदम कळलं. कानामागं बघणं, पेपर, लुना, लग्नातला तो नमस्कार, एसटीतलं ते माझ्याकडं सरळ बघणं. मी पायरीवर बसले.

“समोरचं दिसत नाही तुम्हांला,” मी म्हटलं.

“मधलं जातंय,” हे अगदी हळू म्हणाले. “कडेचं दिसतं.”

गाव ऐकत होतं. मग संपत म्हणाला, “थांबा, थांबा. ह्याला दिसत न्हाई, आनि ह्यो वाचाय आलाय? आंधळा मानूस वाचतुया? काका, ही दोगंबी आपल्याला बनवत्यात.”

आणि बघता बघता लोकांची तोंडं पुन्हा आवळली. त्यांचंही काय चुकलं? दिसत नाही म्हणणारा माणूस दगड वाचायला येतो, यावर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता.

पाटील दगडाजवळ गेला. “वाच,” तो म्हणाला. “समद्यांसमोर वाच. संपत धाव्वी झालाय, त्यो बगंल अक्षरं. खोटं वाचलंस तर मग तालुक्याला फौजदाराकडं.”

हे गुडघ्यावर बसले. बोटं दगडावर ठेवली. ती बोटं मी तेवीस वर्षं बघत होते, खडू धरताना, घास मोडताना, पण अशी कधी बघितली नव्हती. अक्षराच्या खाचेत बोट घालून हे ती खाच शेवटपर्यंत चालायचे, मग पुढची. पीठ खाचेत बसल्यामुळं अक्षरं आमच्यासारख्यांना काळ्यावर पांढरी लखलखीत दिसत होती. “स्वस्ति श्री,” हे म्हणाले. संपतनं वाकून बघितलं. “श्री हाय,” तो नाइलाजानं म्हणाला. “पुढं?”

पुढं शक होता, सातशे वर्षांपूर्वीचा, महिन्याचं नाव होतं, तिथी होती. एकेक ओळ हे बोटानं चालत गेले आणि संपत प्रत्येक ठिकाणी, ओळखू येणारं एखादं अक्षर सापडलं की, “हाय” म्हणत गेला. हळूहळू त्याच्या हातातली काठी भिंतीला टेकली. पण शेवटची ओळ आली आणि हे थांबले. ती पाण्याच्या पातळीला होती, शेवाळानं खाल्लेली. बोट घातलं की खाचच लागेना.

“ही मला लागत नाही,” हे म्हणाले. “महिना झाला. ह्या ओळीसाठीच येतोय.”

“अडकला बगा,” कुणीतरी मागून म्हणालं.

मी उठले. पदर खोचला आणि ह्यांच्याशेजारी पाण्यात उतरले. पातळाच्या तुकड्यानं ती ओळ पुसली, पीठ चोळलं, फुंकर मारली. अक्षरं दिसायला लागली, पण ती आपल्यासारखी नव्हती. एक ओळखीचं वाटावं तर चार परकी.

“मला दिसतात,” मी म्हटलं, “पण वाचता येत नाहीत.”

“मग काढून दाखव,” हे म्हणाले आणि तळहात माझ्यापुढं केला.

मी बोटानं ह्यांच्या तळहातावर ते आकार काढायला लागले. जसेच्या तसे, दगडावर बघत. “ही उभी काठी. तिच्या डाव्या अंगाला असं पोट. वर आडवी रेघ.” हे डोळे मिटून बसले होते. “म,” म्हणाले. “पुढं?” मी पुढचा काढला. “पुन्हा काढ. जरा हळू.” पुन्हा काढला. अख्खं गाव पायऱ्यांवर बसलं होतं आणि एक नवरा-बायको हातात हात घेऊन पाण्यापाशी होते. एरवी मी लाजेनं मेले असते. तेव्हा मला काही वाटलं नाही.

“माइदेवी,” शेवटी हे म्हणाले, आणि ह्यांचा आवाज एकदम शाळेतल्यासारखा मोठा झाला. “माइदेवीनं करविली! ही बारव माइदेवी नावाच्या बाईनं बांधवून घेतली. वाटसरूंना, गुरांना, पाखरांना पाणी मिळावं म्हणून.”

“बाईनं?” पारू उठून उभी राहिली. “आमची आजी म्हनायची, भुतांनी एका रात्रीत बांदली.”

“भुतांनी नाही. बाईनं.”

पारू खाली आली आणि त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. वाचता येत नव्हतं तरी फिरवत राहिली. मग तिनं बारवेतलं पाणी ओंजळीत घेतलं, आपल्या पदराचं टोक भिजवलं आणि ह्यांच्या कानावरचं रक्त पुसलं. मनात म्हटलं, इतके दिवस मी शोधत होते ती बाई निघाली खरी. सातशे वर्षांची निघाली एवढंच.

पाटलानं हात जोडले नाहीत, माफी मागितली नाही. पण आम्हांला घरी नेलं, चहा दिला, आणि संपतला ह्यांच्या चष्म्याचे तुकडे वेचायला पाठवलं. ह्यांनी ते घेतले आणि खिशात टाकले. “त्यांचा तसाही उपयोग नव्हता,” मला हळूच म्हणाले.

परतीची गाडी रिकामी होती. समोरासमोरच्या दोन बाकांपैकी एकावर हे बसले, मी ह्यांच्यापुढच्या बाकावर. गाडी फाट्यावरून वळेपर्यंत मी दम धरला.

“कधीपासून?”

“कळलं दिवाळीच्या आधी. त्या वेळी शहरात गेलो होतो ना शिबिराला, तेव्हा दाखवून आलो. डोळ्याच्या पडद्याचं आहे. औषध नाही. ठार आंधळा होणार नाही म्हणाले. चालता-फिरता येईल. पण वाचन संपलं. आणि माणसांचे चेहरे.”

“मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू एकट्याला गावोगाव फिरू दिलं असतंस?”

“नसतं दिलं.”

“म्हणून.”

मला रागाचा असा कढ आला की दिसेनासं झालं. “चार महिने!” मी म्हटलं. “चार महिने मी त्या नर्सच्या नावानं बोटं मोडतेय. तुमच्या सदऱ्याची कॉलर चाटून बघितली मी, कॉलर!”

हे हसायला लागले. कानाला दुखलं तसा हात धरला, पण हसणं थांबेना.

“हसू नका. खरंच बाई असती ना, तर तिच्या झिंज्या धरून चौकात आणलं असतं आणि मोकळी झाले असते. आता मी कुणाच्या झिंज्या धरू, सांगा ना. कुणाशी भांडू?”

ह्यांचं हसणं हळूहळू थांबलं. गाडी खडखडत होती. मी विचारू नये ते विचारलं.

“माझं तोंड? ते दिसतं का?”

“दिवाळीपासून नाही,” हे म्हणाले. “पाडव्याला तू ओवाळलंस, तेव्हा दिव्याचा उजेड दिसला, तुझे हात दिसले. वर काही नव्हतं.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर नुसता माळ होता.

“असं समोर बसू नकोस,” हे म्हणाले. “इकडं ये. माझ्या डाव्या अंगाला बस.”

मी उठले आणि ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. हे सरळ पुढं, रिकाम्या बाकाकडं बघत राहिले.

“आता दिसते?”

“आता दिसतेस.”

“कशी दिसते?”

“रडतेयस असं दिसतंय.”

“मग बरोबर दिसतंय तुम्हांला,” मी म्हटलं.